घरातला सगळ्यात जुना फोन कुणाकडे आहे?

कापसाचे पैसे हातात आले की अंबडच्या बाजारात मोबाइलच्या दुकानांपुढे मोटारसायकली वाढतात. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा तेच. कपडे, शीरखुर्म्याचा सुकामेवा आणि त्यांच्या जोडीला थोरल्याचा नवा फोन. जुन्यात काही बिघडलेलं असतंच असं नाही. "दोन वर्षं झाली ना आता," एवढं कारण पुरतं.

फोन नेमका किती वर्षांनी बदलावा? दुकानदाराला विचारा, तो म्हणेल दोन वर्षांनी. कॉलेजातला मुलगा म्हणेल, मित्रांनी बदलला की. अब्बूंचं उत्तर ठरलेलं: चालतोय तोवर चालू द्या, इस्राफ कशाला? मला अब्बूंचं निम्मं पटतं. उरलेलं निम्मं का पटत नाही, ते सांगते.

आपल्या घरांत फोन बदलत नाही, फोन खाली सरकतो. थोरल्याने नवा घेतला की त्याचा बहिणीकडे, बहिणीचा अम्मीकडे, अम्मीचा दादांकडे. दादांचा खोक्यात, चार्जरांच्या गुंत्यात. यात काही वाया जात नाही म्हणून घर खूश असतं. अम्मीही तक्रार करत नाहीत. "मला काय करायचाय नवा फोन? बोलता आलं की झालं," म्हणतात आणि कोपऱ्यात तडा गेलेला फोन घेतात.

पण अम्मी त्या फोनवर फक्त बोलतात का? एकदा शांतपणे मोजून पाहा. बँकेच्या खात्याला त्यांचा नंबर जोडलेला. लाडकी बहीणचे दीड हजार त्याच खात्यात येतात आणि त्या योजनेच्या ई-केवायसीचा ओटीपी त्याच फोनवर येतो. गॅसचा नंबर तोच. धाकट्याच्या शाळेचा ग्रुप तिथेच. किराणावाल्याला पैसे पाठवायचं ॲपही मुलाने त्यातच टाकून दिलेलं. म्हणजे घरातला सर्वात जुना, सर्वात कमजोर फोन ज्या हातात आहे, घराचे पैसेही त्याच हातात. आणि सगळ्यात नवा, मजबूत फोन कशाला? रील पाहायला आणि गेम खेळायला. हा क्रम उलटा आहे. फोन बदलायची वेळ आली का, हे ठरवताना सुरुवात नव्या फोनपासून नाही, घरातल्या सगळ्यात जुन्या फोनपासून करायला हवी.

आता जुना म्हणजे काय? वर्षं मोजून ते कळत नाही. फोनची खरी उमर त्याच्या सुरक्षा अपडेटवर ठरते. फोनच्या आतल्या प्रणालीत चोराला शिरता येईल अशा फटी सतत सापडत असतात. कंपनी त्या बुजवण्यासाठी अपडेट पाठवते. काही वर्षांनी ते पाठवणं बंद होतं. फोन पूर्वीसारखाच चालतो, स्क्रीनवर काही कळत नाही, पण त्यानंतर सापडलेल्या फटी तशाच उघड्या राहतात. सेटिंगमध्ये जाऊन 'अबाउट फोन' उघडा, अँड्रॉइड व्हर्जनवर बोट ठेवा, तिथे 'सिक्युरिटी अपडेट'ची तारीख दिसेल. काही फोनमध्ये ती 'सिक्युरिटी' नावाच्या वेगळ्या भागात असते. ती तारीख तीन-चार महिन्यांपूर्वीची असेल तर चिंता नाही. दीड-दोन वर्षांपूर्वीची असेल, तर त्या फोनवर बँकेचं काम ठेवू नका. बोलायला, कुरआनची तिलावत ऐकायला, घड्याळ म्हणून तो अजून खुशाल वापरा.

एक उदाहरण देते. लग्नाची पत्रिका किंवा गाडीचा दंड म्हणून व्हॉट्सअॅपवर एपीके नावाची फाइल येते. ती उघडून ॲप टाकलं की ते मेसेज वाचायला लागतं, ओटीपीसुद्धा. पोलीस याबद्दल सारखं सांगत असतात. आपल्याकडे लग्नसराईत दिवसाला चार पत्रिका येतात, त्यात एक खोटी कशी ओळखणार? अँड्रॉइड १३ पासून गूगलने एक अडसर घातला आहे: अशा बाहेरून आलेल्या ॲपला स्क्रीन वाचण्याची किंवा नोटिफिकेशन पाहण्याची परवानगी सहज मिळत नाही, मध्येच अडवणूक होते. त्याआधीच्या फोनमध्ये हा अडसर नाही. नवा फोन असला म्हणून फसवणूक होणारच नाही, असं अजिबात नाही. आपणच दार उघडलं तर कडी काय करणार? पण निदान कडी तरी असावी. (पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन करा. पहिल्या तासाला फार किंमत आहे.)

अंबड तालुक्यातल्या शेतकरी घरांना आणखी एक कारण आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. सातबाऱ्यावर पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः, शेतात उभं राहून, फोनवरून फोटो काढून करायची. कॅमेरा धूसर, लोकेशन सापडत नाही, ॲप मध्येच बंद, अशा फोनने ती नोंद राहिली तर पुढे पीकविमा आणि नुकसानभरपाईच्या वेळी हेलपाटे सुरू होतात. रेशनकार्डाच्या ई-केवायसीसाठीही चेहरा दाखवायचं ॲप आलं आहे. ही कामं घरातला कोणता फोन करणार, ते आधी ठरवा. तो फोन कामाचा पाहिजे. बाकीचे कसेही चालतील.

आता अब्बूंचं जे निम्मं पटतं, त्याकडे येते. आपण जे फोन टाकतो त्यातले पुष्कळ मुळात म्हातारे झालेलेच नसतात. बॅटरी थकलेली असते, नाहीतर पोट भरलेलं असतं.

पोटाचं आधी. बत्तीस जीबीच्या फोनमध्ये रोज सकाळची फुलं, दर शुक्रवारी साठ-सत्तर 'जुमा मुबारक', प्रत्येक लग्नाचे व्हिडिओ चार ग्रुपवर चारदा. मग फोन हँग होणारच! व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आहे, त्यात 'मॅनेज स्टोरेज'. तिथे मोठमोठे व्हिडिओ एका खाली एक दिसतात. निवडा आणि काढून टाका. फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवून घेणंही तिथेच बंद करता येतं. या अर्ध्या तासाच्या कामानंतर काही जणांचा नवा फोन घ्यायचा विचारच मावळतो.

बॅटरीचं मात्र आपल्या भागात वेगळं आहे. मराठवाड्याचा उन्हाळा तिला सोसत नाही. आयफोन बनवणारी कंपनी सांगते की भोवतालचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं तर बॅटरीची क्षमता कायमची कमी होऊ शकते. आपल्याकडे मे महिन्यात चाळिशी ओलांडते आणि फोन कुठे असतो? मोटारसायकलच्या टाकीवरच्या कव्हरमध्ये, पत्र्याखाली, नाहीतर उशीखाली चार्जिंगला. लाइट जाते म्हणून आली की लगेच शंभर टक्के भरून ठेवायची सवय, आणि तापलेल्या फोनवरच व्हिडिओ. पुण्या-मुंबईत जी बॅटरी तीन वर्षं नीट चालेल, ती इथे दोन वर्षांत दम टाकते, असं मला दिसतं. चार्जिंगला लावताना कव्हर काढा, सावलीत ठेवा, रात्रभर गादीवर ठेवू नका. आणि दुपारीच बॅटरी संपायला लागली तर नवा फोन नाही, नवी बॅटरी घ्या. ती मॉडेलप्रमाणे साधारण हजार-दोन हजारांत बसते. तेवढ्यात फोनला आणखी दोन वर्षं मिळतात. फक्त सुरक्षा अपडेट अजून येतात का ते पाहून मग खर्च करा. बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलं असेल तर मात्र एक दिवसही वापरू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका.

बऱ्याच कंपन्यांचं अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठायचं तर अंबडहून जालना, नाहीतर औरंगाबाद. त्यात एक दिवस जातो, म्हणून लोक जवळच्या दुकानात कमी पैशांत साधा फोल्डर आणि साधी बॅटरी टाकून घेतात. स्क्रीनचं समजू शकते, पण बॅटरीत ही बचत नको. त्यासाठी जालन्याची एक फेरी सोसा.

युरोपातल्या देशांत २० जून २०२५ पासून नियमच आहे. विकायच्या फोनची बॅटरी ८०० वेळा पूर्ण चार्ज केल्यावरही ८० टक्के क्षमता राखणारी हवी, आणि त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट मिळायला हवेत. आपल्याकडे केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये, फोन दुरुस्त करायला किती सोपा आहे याचे गुण खोक्यावर आणि दुकानात दिसावेत, अशी शिफारस केली आहे. ते गुण दिसू लागेपर्यंत आपणच विचारायचं.

म्हणून नवा घ्यायची वेळ खरोखर आलीच, तर दुकानात कॅमेऱ्याच्या आधी हे विचारा: याला सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार, आणि कधीपासून मोजून? गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ च्या एस २४ ला सात वर्षांचा शब्द दिला. ते महागडे फोन. पण सॅमसंगच्या ए १६ फाइव्ह-जी सारख्या मधल्या किमतीच्या फोनलाही सहा वर्षांचा शब्द आहे. स्वस्त फोनमध्ये हा आकडा दोन, तीन, चार असा कितीही असतो. आणि ही वर्षं सहसा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, आपण विकत घेतल्यापासून नाही. सेलमध्ये स्वस्त मिळालेला दोन वर्षांपूर्वीचा फोन म्हणजे दोन वर्षं आधीच खर्च झालेला फोन.

मग हिशेब करा. पंधरा हजारांचा फोन दोन वर्षांत टाकला तर महिना ६२५ रुपये पडला. मध्ये दीड हजारांची बॅटरी टाकून पाच वर्षं वापरला तर महिना २७५. एका फोनमागे महिना साडेतीनशेचा फरक. घरात चार फोन असतील तर वर्षाला सोळा हजार आठशे. मुलीच्या कॉलेजची फी यातून बरीचशी भागेल.

हप्त्यांबद्दल बोललं नाही तर हा लेख अर्धाच राहील. दुकानात पाटी असते, 'शून्य टक्के व्याज'. सूद नको म्हणणारी कितीतरी घरं ती पाटी वाचून निर्धास्त होतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. ते व्याज बहुतेक वेळा प्रोसेसिंग फीच्या रूपात लपवून ग्राहकाकडून घेतलं जातं. ओळखायला सोपं आहे. आधी विचारा, "रोख दिले तर कितीला?" मग हप्ते, फी आणि फीवरचा जीएसटी यांची बेरीज करा. दोन आकड्यांत फरक निघाला तर तो फरक काय आहे, ते मी सांगायला नको. ज्याला नवा फोन हवा आहे त्याने तितकेच हप्ते आधी घरातल्या डब्यात टाकावेत. महिना दीड हजार, दहा महिने. सात-आठ मुलांपैकी निम्म्यांची हौस सहाव्या महिन्यातच फिटते, असा माझा अंदाज आहे. उरलेल्यांना फोन खरंच हवा असतो, त्यांना घेऊ द्या.

जुना विकताना किंवा कुणाला देताना नुसते फोटो डिलीट करून भागत नाही. घरातल्या बायका-मुलींचे फोटो, आधारकार्डाचे फोटो ही अमानत आहे. मेमरी कार्ड आणि सिम काढा, गूगल खातं फोनमधून काढा, मगच 'फॅक्टरी रीसेट' करा. खातं तसंच ठेवून रीसेट केलं तर पुढच्या माणसासमोर फोन कुलूप लावून बसतो आणि तो तुमचा पासवर्ड मागत येतो. तुम्ही स्वतः जुना घेत असाल तर *#०६# डायल करा, पंधरा आकडी आयएमईआय दिसेल. केवायएम ही इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून तो नंबर, असा मेसेज १४४२२ ला पाठवा. चोरीचा म्हणून बंद केलेला किंवा बनावट नंबराचा फोन असेल तर उत्तरात कळतं. बिलाशिवाय घेऊच नका, ओळखीचा माणूस असला तरी.

आणि हजला जाणारे घरात असतील तर त्यांचा फोन सगळ्यांच्या आधी पाहा. मार्च २०२४ पासून भारतीय हाजींसाठी 'हज सुविधा' ॲप आहे, आणि मदिन्यात रियाजुल जन्नतमध्ये जायची परवानगी सौदीच्या 'नुसुक' ॲपवरून काढावी लागते. तिथल्या उन्हात अर्ध्या दिवसात बंद पडणारा फोन दादा-दादींच्या हाती देऊन त्यांना लाखांच्या गर्दीत पाठवू नका. नवा घ्यायचा असेल तर निघायच्या आठवड्यात नको, दोन महिने आधी घ्या. अक्षरं मोठी करून द्या, घरच्या चार जणांचे नंबर पहिल्याच पानावर ठेवा आणि रोज त्यांनाच तुम्हाला फोन लावायला सांगा. बोटांना सवय व्हायला तेवढा वेळ लागतो.