यंत्राची चूक कोणाच्या माथी?

१ जानेवारी २०२३ पासून देशभरातल्या रोजगार हमीच्या सामूहिक कामांवर मोबाइलच्या ॲपवरच हजेरी घेणे सक्तीचे झाले. मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो काढायचे, त्यांवर वेळ आणि ठिकाण नोंदले जाणार, हा नियम. वर्षभराने, १ जानेवारी २०२४ पासून, मजुरीही आधारशी जोडलेल्या खात्यातूनच देण्याचे ठरले. हेतू वावगा नव्हता. खोटे मस्टर, मेलेल्या माणसाच्या नावावर लागलेली हजेरी, मजुरांच्या नावाने पोकलेनने उरकलेली कामे हा रोहयोचा जुना आजार आहे, आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला तर तो चांगलाच परिचयाचा आहे. प्रश्न औषधाच्या मात्रेचा आहे. डोंगरातल्या वाडीवर रेंज नसेल, सर्व्हर बसला असेल, फोटो चढला नसेल, तर त्या दिवशी खड्डे खणणाऱ्या बाईची मजुरी बुडते. ॲप बनवणाऱ्याचे, ते लागू करणाऱ्याचे किंवा त्यावर देखरेख करणाऱ्याचे काहीच बुडत नाही. शासनव्यवहारात आलेल्या कोणत्याही तंत्रज्ञानाची पारख मला याच एका प्रश्नावर करावीशी वाटते: यंत्र चुकले, तर भुर्दंड कोण भरतो?

तंत्रज्ञान मुळातच गरिबाच्या विरोधात असते, असे म्हणणारे सोयीचे पुरावे तेवढे उचलतात. अविभाजित आंध्र प्रदेशात २०१०च्या सुमारास रोजगार हमीची मजुरी आणि निवृत्तिवेतन बायोमेट्रिक स्मार्टकार्डावर देण्याचा मोठा प्रयोग झाला. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी १५७ मंडलांत त्याचा अभ्यास केला. मजुरी लवकर आणि कमी खेपांत मिळू लागली, रोहयोतली गळती सुमारे ४१ टक्क्यांनी घटली आणि बहुतांश लाभार्थ्यांनी नव्या पद्धतीला पसंती दिली. याच अभ्यासकांनी पुढे झारखंडमध्ये रेशनसाठीच्या आधार पडताळणीचा अभ्यास केला, तेव्हा चित्र उलटे निघाले. नुसत्या पडताळणीने गळती कमी झाली नाही. ज्यांचे आधार आधी जोडलेले नव्हते, त्यांना मिळणारा लाभ मात्र सरासरी १० टक्क्यांनी घसरला. नंतर दुकानदारांच्या साठ्याचा हिशेब काटेकोर झाला तेव्हा गळती घटली, पण त्या बचतीचा काही वाटा लाभार्थ्यांच्याच ताटातून निघाला. बोटाचा ठसा दोन्हीकडे होता. फरक होता तो आखणीत. आंध्रात ज्याचे कार्ड चालत नव्हते, त्याचे पैसे अडवले गेले नाहीत, आणि लाभार्थ्याचा अनुभव काय आहे याकडे सरकारचे लक्ष होते. झारखंडमध्ये लक्ष होते खर्च किती वाचला याकडे.

हे उमगले की कायद्यातल्या कोणत्या तरतुदी संगणकावर चढल्या आणि कोणत्या कागदावरच राहिल्या, ते बघण्यासारखे ठरते. मनरेगा कायद्याने मजुराला दोन हक्क दिले होते. मागणी करून १५ दिवसांत काम मिळाले नाही तर बेरोजगार भत्ता. आणि मस्टर बंद झाल्यापासून १५ दिवसांत मजुरी मिळाली नाही तर रोज ०.०५ टक्के दराने भरपाई. हा विलंब संगणकच मोजत होता, पण मोजणी चालत होती ती निधी-हस्तांतराचा आदेश निघेपर्यंतच. त्यापुढे केंद्राकडून खात्यात पैसे जमा होईपर्यंत जे दिवस जात, ते हिशेबातच नव्हते. राज्याचा उशीर दिसे, केंद्राचा अदृश्य राही. स्वराज अभियानाच्या याचिकेवर मे २०१८ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले नाही. मजुराला मजुरी वेळेवर मिळालीच पाहिजे, उशीर कोणत्या पायरीवर झाला याच्याशी त्याला कर्तव्य नाही, असा त्या निकालाचा रोख होता. संगणकाला हे जमत नाही, असे कोणी म्हणू नये. आयकराचा परतावा लांबला तर दरमहा अर्धा टक्का व्याज करदात्याच्या रकमेत आपोआप मिळवले जाते, त्याला अर्जही करावा लागत नाही. मजुराच्या भरपाईचा दर महिन्याला दीड टक्का, म्हणजे करदात्याच्या तिप्पट. कायद्याने दर जास्त दिला आणि संगणकाने पैसे दिले करदात्याला.

यावर सरकारी बाजूचे पहिले उत्तर असे, की नवी व्यवस्था बसायला वेळ लागतो. जरूर लागतो. पण जुलै २०२५ मध्ये, म्हणजे सक्तीनंतर अडीच वर्षांनी, केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाला परिपत्रक काढून सांगावे लागले, की हजेरीच्या ॲपवर भलतेच फोटो चढतात, फोटोचाच फोटो काढला जातो, नोंदवलेले आणि प्रत्यक्षातले मजूर जुळत नाहीत. त्यावर तोडगा काय काढला? ग्रामपंचायत पातळीवर सगळे फोटो माणसांनी तपासावेत! माणसावर विश्वास नाही म्हणून यंत्र आणले आणि यंत्रावर नाही म्हणून पुन्हा माणूस. दरम्यान ज्याला लबाडी करायची होती त्याला वाट सापडली होती. अडला तो ज्याला फक्त काम करायचे होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चाळणी लावली की काही खरे दाणेही जातात. खोटे लाभार्थी वगळल्याने वाचलेला पैसा शेवटी गरिबाच्याच कामी येतो. २०२२-२३ या एका वर्षात ५ कोटी १८ लाखांहून अधिक मजुरांची नावे यादीतून वगळली गेली, हे सरकारने संसदेतच सांगितले; आदल्या वर्षी हा आकडा १ कोटी ४९ लाख होता. बनावट किंवा दुबार जॉबकार्ड, काम करण्याची इच्छा नसणे, स्थलांतर, मृत्यू ही कारणे दिली गेली. त्यातली अनेक खरी असणारच. पण एका वर्षात तिपटीहून अधिक माणसे अचानक अनिच्छुक झाली, गाव सोडून गेली किंवा मुळात नव्हतीच, हे पटवून द्यायची जबाबदारी वगळणाऱ्याची आहे. मतदारयादीतून नाव काढण्याआधी नोटीस आणि सुनावणीचा आग्रह आपण धरतो. जॉबकार्डातून नाव काढताना तेवढीच चाड का नसावी?

हा वाद निव्वळ मजुरीपुरता नाही. पाझर तलाव, समतल चर, शेततळी, विहिरी, झाडे ही या मजुरीतून उभी राहणारी कामे; दुष्काळी तालुक्यांत शाश्वत विकास म्हणतात तो याहून वेगळा नसतो. २०१६ पासून या कामांच्या जागा उपग्रहाच्या नकाशावर नोंदल्या जातात. बांध झाला, हे फोटोवरून कळते. त्यात पाणी किती टिकले, विहिरीची पातळी वाढली का, हे त्या बांधाखालचा शेतकरीच सांगू शकतो, आणि त्याचे म्हणणे नोंदवायला व्यवस्थेत रकाना नाही. कायद्यात होते ते सामाजिक लेखापरीक्षण, म्हणजे ग्रामसभेत मस्टर आणि खर्च मोठ्याने वाचून दाखवणे. ज्यांच्या नावाने पैसा खर्च पडला, त्यांच्यासमोरच वाचन होत असल्याने ती तपासणी खालून वर चालते. ॲप पाहते ते वरून खाली.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाची जागा घेणारा नवा कायदा केला. हमी १०० दिवसांवरून १२५ दिवसांवर गेली, बहुतेक राज्यांवर ४० टक्के खर्चाचा भार आला, आणि बायोमेट्रिक पडताळणी व कृत्रिम बुद्धिमत्ता यांना कायद्यातच स्थान मिळाले. एवढा भार उचलणार असेल तर महाराष्ट्राने आपली योजना आखताना दोन गोष्टी तरी नियमात लिहून घ्याव्यात. विलंबाची मोजणी मजुराच्या खात्यात पैसे पडेपर्यंत चालावी आणि भरपाई अर्जाविना जमा व्हावी. आणि ॲप बंद पडले त्या दिवशी कागदी हजेरी ग्राह्य धरावी, तिच्यावर शंका असेल तर ती खोटी असल्याचे सिद्ध करण्याचे काम तालुक्याच्या कार्यालयाने करावे. राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने सेवेत कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद केलीच आहे. मात्र तिथेही अपिलाची पायरी नागरिकानेच चढायची असते. रोजंदारीवरच्या माणसाला ती चढायला एक दिवसाची मजुरी सोडावी लागते. म्हणून हे अपील, निदान विलंबाच्या बाबतीत, संगणकानेच मुदत संपलेल्या दिवशी दाखल करावे.