मोजणाऱ्यांनो, आधी भट्टीवर या!

राजकारण आणि धोरणासाठी डेटा सायन्सची एम.ए. करणाऱ्या दोस्तहो, गोदीतल्या एका मॅट्रिकचा सवाल घ्या. २०११ची जनगणना झाली ९ ते २८ फेब्रुवारीत. तेव्हा शहापूर-मुरबाडचा कातकरी कुठं असतो? दिवाळीनंतर उचल घेऊन, पोराबाळांसकट वीटभट्टीवर. नियम सांगतो, माणूस त्या दिवसांत जिथं राहील तिथं मोजा. झाली वाडीची डोकी कमी! मग वाडीची शाळा, नळ, अंगणवाडी कुठल्या डोक्यांवर ठरणार? पुढची गणतीही १ मार्च २०२७ला धरून, म्हणजे भट्टी पेटलेली असतानाच.

तानसा, भातसा शहापुरात. पाणी मुंबईच्या नळाला. तो हिशेब लिटरात चोख. माणसांचाच तेवढा चुकतो! गोदीतही तेच. पेटीला नंबर, पाठीला नाही.

बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवर लिहिताना सरकारी आकडेच साक्षीला उभे केले. ही विद्या शिका, जरूर शिका. पण आधी कातकऱ्याच्या पोराला, आमच्या पोरांना त्या बाकावर जागा करा. नाहीतर तुमचा संगणक रिकाम्या वाडीची बेरीज अगदी अचूक करील, आणि त्याच अचूकपणानं आमचा गळा कापील.