मुकादमाची छाया आणि आमची

दसरा झाला की पाटोद्यातून ऊसतोड जोडपी कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादमाच्या वहीत माणूस उरतच नाही. आजारपणाचाही खाडा पडतो व दंड उचलीत चढतो. बीडमधील या स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी २०१९ मध्ये शासनाला समिती नेमावी लागली.

मुकादमाला दोष देणे सोपे, आम्हीही दिला. परंतु तो पुष्कळदा पूर्वीचा तोडणी कामगारच असतो. स्वतःतील असहाय मजूर त्याला पाहवत नाही, म्हणूनच तो समोरच्यावर खेकसतो, असे आम्हांस वाटते. कार्ल युंग यांनी अशा नाकारलेल्या अंशाला 'छाया' म्हटले.

'प्रायश्चित्त संस्कार असताना हे पाश्चात्त्य खूळ कशाला?' असे काही धर्मबंधू विचारतात. अहो, कबुली ठाऊक असलेल्या पापाचीच होते! गरिबाची मेंढी हिरावणाऱ्या श्रीमंताची कथा ऐकून दावीद राजा खवळला, तेव्हा तो ढोंग करीत नव्हता. अपराधी आपणच, हे त्याला नाथानाकडून कळावे लागले.

आमच्या धर्मग्राम परिषदेत नाथानाला खुर्ची आहे काय? हिशेब विचारणाऱ्यास आम्ही फूट पाडणारा ठरवतो, आणि त्याच रविवारी मुकादमावर प्रवचन करतो.