पाहणाऱ्याचा विचार

सकाळी घराबाहेर पडलेला मनुष्य एखादे पुस्तक उघडण्यापूर्वीच कितीतरी गोष्टी वाचतो. एस. टी.च्या पाटीवरील गावाचे नाव, औषधाच्या पाकिटावरील सूचना, दुकानाचा फलक, शाळेच्या भिंतीवरील वेळापत्रक; ह्यांतील प्रत्येक अक्षर कोणीतरी विचारपूर्वक, अथवा अविचाराने, तेथे मांडलेले असते. अक्षर, आकार, रंग आणि मोकळी जागा ह्यांची योग्य मांडणी करून एखादी गोष्ट पाहणाऱ्याच्या मनापर्यंत पोहोचविणे, ह्या कलेला ग्राफिक डिझाइन असे म्हणतात. ही उपयोजित कलेचीच एक शाखा होय.

ही कला आपल्याकडे नवी नाही. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि १९३५ मध्ये तेथे व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला. आता तर राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने अकरावी-बारावीसाठी ग्राफिक डिझाइनची पाठ्यपुस्तकेही तयार केली आहेत. असे असूनही शालेय शिक्षणाच्या अखेरच्या वर्षांत हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याकडे समाज काहीशा कीव करणाऱ्या दृष्टीने पाहतो. ‘अभ्यासात डोके चालत नसेल, म्हणून चित्रे काढतो,’ असा शेरा सहज मारला जातो. हा समज विद्यार्थ्याचे नुकसान करणारा आहेच. परंतु त्याहून अधिक तो समाजाचे नुकसान करणारा आहे.

ह्या विद्येचे मर्म सुबक रेघ काढण्यात नाही. पाहणाऱ्याचा विचार करणे, हे तिचे मर्म आहे. एक साधे उदाहरण पाहावे. आपल्या देशात वेष्टनातील खाद्यपदार्थांवर शाकाहारासाठी हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका असतो. मांसाहारासाठी पूर्वी तपकिरी चौकटीत तपकिरी ठिपका असे. चौकट तीच, ठिपकाही तोच. भेद काय तो रंगाचा. परंतु ज्यांना रंगांधत्व आहे, त्यांनी काय करावे? त्यांच्या दृष्टीला हिरवा आणि तपकिरी हे रंग बहुधा सारखेच भासतात. पुढे २०२० च्या लेबलविषयक नियमांनी तपकिरी ठिपक्याच्या जागी तपकिरी त्रिकोण आणला. वर्तुळाचा त्रिकोण झाला, एवढाच काय तो बदल. मात्र ज्याला रंग ओळखता येत नाही, त्यालाही आकार ओळखता येतो. एका लहानशा आकृतीने त्याला दुसऱ्यास विचारण्याच्या लाचारीतून सोडविले.

लोकशाहीच्या इतिहासातही ह्याचा दाखला सापडतो. १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते आणि त्याच सुमारास, १९५१-५२ मध्ये, पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. उमेदवाराचे नाव वाचू न शकणाऱ्या कोट्यवधी मतदारांनी मत कसे द्यावे? प्रत्येक उमेदवारासाठी निराळी मतपेटी ठेवण्यात आली आणि तिच्यावर त्याचे चिन्ह लावण्यात आले. बैलजोडी, झोपडी अशी नित्य परिचयाची चित्रे पाहून शेतकऱ्याने आणि मोलकरणीने आपला हक्क बजावला. अक्षर जेथे अपुरे पडले, तेथे आकृतीने नागरिकाचा मान राखला. ह्या विद्येला केवळ शोभेची कला मानणे किती उथळपणाचे आहे, हे ह्यावरून ध्यानात यावे.

ह्यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. आज संगणकाला दोन ओळींची आज्ञा दिली, की तो क्षणार्धात चित्र काढून देतो. मग विद्यार्थ्याने हे शिकण्यात दोन वर्षे कशासाठी दवडावी? आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. परंतु ह्यात हाताचे काम आणि मनाचे काम ह्यांची गल्लत झालेली आहे. यंत्र शंभर आकृत्या समोर ठेवील. त्यांतील कोणती खेड्यातील आजीला समजेल आणि कोणती तिला गोंधळात टाकील, ह्याची पारख आजीला ओळखणाऱ्या मनुष्यालाच करावी लागते. आकृत्या जितक्या स्वस्त होतील, तितकी निवड करणाऱ्या नजरेची किंमत वाढेल.

संगणकावरील देवनागरीचीच गोष्ट घ्यावी. असंख्य संगणकांवर ज्या ‘मंगल’ टंकातून देवनागरी वाचली गेली, तो टंक सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) ह्यांनी घडविला. त्यांनी अक्षराचा ध्यास आधी लेखणीने आणि कुंचल्याने घेतला होता. संगणक हे त्यांच्या हाती आलेले पुढचे साधन होते. भारत सरकारने २०१० मध्ये स्वीकारलेले रुपयाचे चिन्ह डी. उदयकुमार ह्यांचे आहे. त्यात देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ ही दोन्ही अक्षरे एका आकृतीत नांदतात, आणि वरची आडवी रेघ शिरोरेषेची आठवण करून देते. ते चिन्ह काढावयास काही क्षण पुरतात. परंतु ते सुचण्यासाठी लिपीचा दीर्घ सहवास घडावा लागतो.

दुसरा आक्षेप चरितार्थाचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. हा विषय घेणारा प्रत्येक जण नामांकित कलाकार होईल, असे आश्वासन कोणालाही देता येणार नाही. मात्र असे आश्वासन इतर कोणता विषय देतो? ह्या वाटेची पुढची दारेही बंद नाहीत. उपयोजित कलेच्या पदवीला बारावीनंतर प्रवेश मिळतो, आणि आय. आय. टी. सारख्या संस्थांतील डिझाइन-शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेला कोणत्याही शाखेतून बारावी झालेला विद्यार्थी बसू शकतो. शिवाय पुढे वैद्य, वकील वा शेतकरी झालेल्या मनुष्यालाही स्पष्ट मांडणीची सवय जन्मभर उपयोगी पडते.

खरी उणीव आहे ती शिक्षणाच्या रीतीत. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत संकल्पचित्र आणि अक्षरलेखन ह्यांचा समावेश असतो. परंतु दहावीचे वाढीव गुण पदरात पडले, की अनेक घरांत रंगपेटी माळ्यावर जाते. ज्या वयात विचाराला प्रौढपणा येऊ लागतो, नेमक्या त्याच वयात हात थांबतो. अकरावी-बारावीत हा विषय शिकवावयाचा तर तो खऱ्या कामातून शिकवावा. गावातील लसीकरणाची सूचना विद्यार्थ्याने तयार करावी. ती कमी दिसणाऱ्या वृद्धाला आणि नुकत्याच साक्षर झालेल्या बाईला वाचावयास द्यावी. ती दोघे जेथे अडखळतील, तेथे आपली रचना बदलावी. त्यासाठी कागद, पेन्सिल, पट्टी आणि नम्रता एवढे साहित्य पुरेसे आहे. संगणक त्यानंतर यावा. नुसत्या संगणकाच्या कळा दाबावयास शिकविले, तर विद्यार्थी कारागीर होईल. परंतु ती कारागिरी कोणासाठी, हे त्याला कळणार नाही.

ह्याच वयात त्याला आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. जी मांडणी सत्य उजळ करते, तीच ते झाकूनही ठेवू शकते. जाहिरातीत लाभ मोठ्या ठळक अक्षरांत आणि अटी मुंगीएवढ्या अक्षरांत छापणाराही डिझाइनच जाणतो. पण तो आपल्या विद्येशी बेइमानी करतो. २०१६ पासून, वैद्याच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत अशी औषधे ओळखता यावीत म्हणून त्यांच्या पाकिटावरील लाल रेषेकडे लोकांचे लक्ष वेधले जाऊ लागले. एक रेघ मनुष्याला सावध करते, दुसरी त्याला फसविते. दोन्ही रेघा सारख्याच सरळ असतील. भेद असतो तो काढणाऱ्याच्या हेतूत.

म्हणून ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतःला हलके लेखू नये आणि पालकांनीही त्याची वाट अडवू नये. आपल्याला काय दाखवावयाचे आहे, हे ठरविणे सोपे असते. समोरच्याला काय दिसेल, हे जाणणे कठीण. ते जाणण्याची सवय ज्या शिक्षणाने लागते, त्याला शाळेच्या शेवटच्या वर्षांत मानाचे स्थान मिळणे न्याय्य आहे.