कुरुंदकर गुरुजींचा वर्ग

१० फेब्रुवारी १९८२ रोजी नरहर कुरुंदकर गेले. तेव्हाच्या औरंगाबादेत एका कार्यक्रमात, व्यासपीठावरच, हृदयविकाराने त्यांना गाठले. वयाची पन्नाशीही पुरी झाली नव्हती. आज जिल्हा बैठकीला येणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांपैकी कित्येकांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. मग कापूस-ज्वारी पिकवणाऱ्यांच्या या पानावर कॉलेजातल्या एका मास्तराची आठवण कशाला, असे कोणी विचारील. जरूर विचारावे. ही गोष्ट प्रश्न विचारण्याचीच आहे.

गुरुजी आपल्याच मातीतले. वसमत तालुक्यातले कुरुंदा हे त्यांचे गाव. तेव्हा परभणी जिल्ह्यात, आता हिंगोलीत. १५ जुलै १९३२ रोजी ते जन्मले तेव्हा हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. पुढे शिकायचे तर हैदराबाद गाठायचे, आणि तिथल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवणे उर्दूतून. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता संपली. १९५० मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले. कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराला कॉलेज जवळ आले. त्याच कॉलेजात कुरुंदकर पुढे प्राध्यापक झाले, प्राचार्य झाले.

आणि हे प्राचार्य स्वतः इंटरला नापास झालेले! आधी शाळेत मास्तरकी केली; पदव्या नोकरी सांभाळून मिळवल्या. नापास झालेला अडाणी असतोच असे नाही आणि पदवीवाला शहाणा असतोच असेही नाही, हे सांगायला त्यांना वेगळे भाषण करावे लागले नाही. प्राचार्यपदी बसल्यावरही लोकांच्या तोंडी ते ‘गुरुजी’च राहिले.

त्यांची रीत काय होती? शिवाजी महाराजांवरचे त्यांचे विवेचन पाहा. अफझलखान, आग्रा, तलवार यांच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो. गुरुजी तिथे थांबत नाहीत. महाराज १६८० साली गेले, १६८९ मध्ये संभाजीराजे मारले गेले, तरी औरंगजेबाला १७०७ मध्ये मरेपर्यंत हा मुलूख जिंकता आला नाही. राजा नसताना रयत का लढली? या प्रश्नाचे उत्तर पराक्रमाच्या प्रसंगांत पुरते सापडत नाही. ते राजा आणि कुणबी यांच्या नात्यात शोधावे लागते. सर्वांना ठाऊक असलेल्या दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या आणि ‘असे का?’ म्हणून विचारायचे, ही त्यांची शिकवण.

हीच रीत आपण आपल्या वावरात आणून पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये जाहीर झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले गेले आणि ही सूट पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. म्हणजे आपली वेचणी ऐन भरात असताना. दोन्ही बातम्या आपण वाचल्या, पण वेगवेगळ्या दिवशी. त्या शेजारी ठेवून ‘असे का?’ म्हणून किती जणांनी विचारले?

दुसऱ्यांना विचारण्याआधी आम्ही स्वतःलाही विचारतो. आमच्या बैठकांत टाळ्या भरपूर पडतात. प्रश्न किती येतात? व्यासपीठावरच्याला अडवणारा पोरगा उठला की आपणच त्याला ‘बस रे खाली’ म्हणतो. मग तोच पोरगा उद्या साहेबापुढे आणि व्यापाऱ्यापुढेही खालीच बसतो. ही सवय आपणच लावलेली आहे.

पोटाला चिमटा घेऊन आपण पोरांना कॉलेजात घातले. ती पोरे बापाच्या कापसाची पट्टी हातात घेऊन, वजन किती, ओलाव्यापोटी किती कापले, हमाली किती, हे विचारत नसतील तर ते शिक्षण फुकट गेले. आणि पोराने विचारले तर बापाने रागावू नये.

गुरुजींच्या फोटोला हार घालणे सोपे आहे. आम्ही एवढेच सुचवतो: या बैठकीत प्रत्येक तालुक्याने एक तरी प्रश्न लिहून आणावा. पहिला तास भाषणांचा नको, प्रश्नांचा असावा. आमची उत्तरे चुकली तर तिथल्या तिथे सांगा. आम्ही रागावणार नाही.