आष्टी कोणती? फिल्टरमध्ये हरवलेली बातमी आणि टीमच्या ॲपमधला व्ह्यूंचा पसारा

गेल्या रब्बीतली गोष्ट. परतूर तालुक्यातल्या आमच्या आष्टीच्या शिवारात एक डीपी जळाला. हरभरा ऐन फुलोऱ्यात, विहिरीला पाणी, आणि मोटारी बंद. गावातल्या एका काकांनी फोटो आणि माहिती आमच्या डेस्कच्या व्हॉट्सॲप नंबरवर पाठवली. सहकाऱ्यानं ती लगेच टीमच्या सामाईक डेटाबेसमध्ये टाकली. विषय, गाव, जिल्हा, फोटो, सगळे रकाने भरले. पुढचे तीन दिवस ती नोंद एकालाही दिसली नाही.

चौथ्या दिवशी काकांचा थेट मला फोन. "काय रे, आपल्याच गावची बातमी तुला दिसंना गेली व्हय?"

शोधलं तर नोंद जागेवरच होती. फक्त जिल्ह्याच्या रकान्यात 'बीड' निवडलेलं होतं. सहकाऱ्याची चूक म्हणावी तर तीही फारशी नाही. आष्टी म्हटलं की बहुतेकांना बीड जिल्ह्यातला तालुकाच आठवतो. वर्ध्यातही आष्टी तालुका आहे. सोलापूरच्या मोहोळ तालुक्यात तलावाची आष्टी आहे, गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात आणखी एक. आमची आष्टी जालना जिल्ह्यातली, आणि तीही १ मे १९८१ पासून. त्याआधी परतूर तालुका परभणीत होता, त्यामुळे जुन्या कागदांवर आजही 'जि. परभणी' सापडतं.

जालना पाहणाऱ्या मुलीच्या व्ह्यूला फिल्टर होता, 'जिल्हा: जालना'. बीड पाहणारा रजेवर होता. आणि माझ्या व्ह्यूला फिल्टर होता, 'माझ्याकडे दिलेलं काम'. तिघांचेही फिल्टर बरोबर होते. तिघांच्या मधल्या फटीतून बातमी गळाली.

व्ह्यू म्हणजे काय, आणि काय नाही

नोशनसारखी ॲप आता फक्त आयटी कंपन्यांपुरती राहिलेली नाहीत. छोट्या संस्था, क्लासेस, शेतकरी गट, लग्नाची तयारी करणारी घरं, सगळीकडे कुणीतरी हौशी मुलगा किंवा मुलगी असा डेटाबेस बनवून बाकीच्यांना लिंक पाठवते. म्हणून मूळ गोष्ट समजून घेऊ.

डेटाबेस म्हणजे एकच रजिस्टर. व्ह्यू म्हणजे त्याच रजिस्टरकडे पाहायची खिडकी. तीच नोंद टेबलमध्ये ओळ म्हणून दिसते, बोर्डमध्ये कार्ड म्हणून, कॅलेंडरमध्ये तारखेच्या चौकोनात. एका खिडकीतून नोंद दुरुस्त केली की ती सगळीकडे दुरुस्त होते, आणि एका खिडकीतून नोंद पुसली की ती सगळीकडून जाते. ही दुसरी बाजू अनेकांना फटका बसल्यावरच कळते. 'माझ्या व्ह्यूमधलीच तर काढली' असं म्हणून भागत नाही.

फिल्टर मात्र काही पुसत नाही, तो लपवतो. सॉर्ट क्रम लावतो, ग्रुप गठ्ठे करतो. माझ्या मते यात सर्वांत धोक्याचा फिल्टरच, कारण लपलेल्या गोष्टीची आठवण कुणी करून देत नाही. चुकीचा क्रम डोळ्यांना खुपतो. न दिसणारी ओळ खुपणार कशी?

हे सगळं तलाठ्याच्या दप्तरात आहेच

इंजिनिअरिंगला आम्हाला १९७० सालचा एडगर कॉड यांचा शोधनिबंध सांगितला गेला. माहिती एकदाच आणि नीट टेबलांत ठेवा, मग ज्याला जशी हवी तशी मागू द्या, हा त्याचा गाभा. परीक्षेपुरतं पाठ केलं. डोक्यात शिरलं ते वारसाची नोंद लावण्यासाठी घरच्या कागदांची पिशवी घेऊन आष्टीत हेलपाटे मारले तेव्हा.

सातबारा आणि आठ-अ शेजारी ठेवून पाहा. जमीन तीच, प्रश्न वेगळे. नमुना ७ विचारतो, या गटात हक्क कुणाकुणाचे आणि बोजा कुणाचा? नमुना १२ विचारतो, या गटात पीक काय? आठ-अ विचारतो, या खातेदाराची गावात एकूण जमीन किती आणि कोणकोणत्या गटांत? बदल झाला की त्याची नोंद नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफारात. महसुलाचे गाव नमुने १ ते २१ आहेत, आणि प्रत्येकाला स्वतःचं ठरलेलं काम आहे. कुणी 'नमुना ७ नवीन कॉपी २' काढून ठेवलेला नाही.

फरक एकच होता. हाताने लिहायच्या काळात या खिडक्या नव्हत्या, वेगवेगळ्या वह्या होत्या. फेरफार मंजूर झाला की तलाठ्यानं तो सातबाऱ्यावर ओढायचा आणि आठ-अवरही ओढायचा. एका ठिकाणी राहिला की क्षेत्राचा मेळ बसत नसे, आणि मग जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्तीचा अर्ज आणि तहसीलच्या चकरा. संगणकीकरण करताना हस्तलिखित आणि संगणकातला सातबारा जुळवायला किती खटाटोप झाला, हे २०१७ च्या चावडी वाचनाला गेलेल्यांना आठवत असेल. पुढे डिजिटल सहीचा सातबारा आला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी ॲपमध्ये शेतकऱ्यानंच पीक भरायचं आणि ते बाराव्या नमुन्यात दिसायचं, अशी सोय झाली. सोय झाली म्हणजे त्रास संपला असं मी म्हणत नाही, बांधावर नेटवर्क नसलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण दिशा बरोबर आहे. भरायचं एकदा, पाहायचं हवं तसं.

आणि आपण ऑफिसात काय करतो? अगदी उलटं. एकच डेटाबेस असताना 'माझी वेगळी शीट बरी' म्हणून कॉपी काढतो. मग 'फायनल', 'फायनल २', 'फायनल सरांचं'.

सत्तावीस खिडक्या

त्या फोननंतर मी आमच्या डेटाबेसमधले व्ह्यू मोजले. सत्तावीस होते. 'टेबल ३', 'नवीन व्ह्यू', 'निवडणूक', 'निवडणूक जुना वापरू नये'. दोन नोकरी सोडून गेलेल्यांच्या नावाचे. रोज उघडले जाणारे जेमतेम पाच.

प्रत्येकाला विचारलं, सकाळी ॲप उघडल्यावर तुला कोणता प्रश्न पडलेला असतो? उत्तरं साधी निघाली. आज काय द्यायचं आहे? माझ्या जिल्ह्यात काय आलं? काय अडकलंय? तेवढेच व्ह्यू ठेवले आणि नावंही तीच दिली. 'टेबल ३'पेक्षा 'आज द्यायचं' हे नाव नव्या माणसाला न विचारता कळतं. जिल्ह्यासाठी प्रत्येकाचा वेगळा व्ह्यू काढण्याऐवजी एकाच व्ह्यूमध्ये जिल्हावार ग्रुप केले. त्यामुळे रजेवरच्या माणसाचा गठ्ठाही बाकीच्यांना समोर दिसतो.

यावर डेस्कवर वाद झाला, आणि वाद घालणाऱ्यांचंही चुकत नव्हतं. प्रत्येकाची कामाची पद्धत वेगळी, त्याला स्वतःची मांडणी हवीच. त्यासाठी नोशनमध्ये मार्ग आहे. तुम्ही फिल्टर बदललात तर 'सर्वांसाठी सेव्ह' म्हणेपर्यंत तो तुमच्यापुरताच राहतो. नाहीतर स्वतःच्या पानावर लिंक्ड व्ह्यू घ्या आणि तिथे हवा तो खेळ करा, मूळ पानावरची मांडणी हलत नाही. व्ह्यू लॉक केले की चुकून बोट लागून मांडणी बदलण्याची भीतीही कमी होते, नोंदी मात्र भरता येतात.

फोनवर काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण आपल्यातले बहुतेक तेच. बारा रकान्यांचं टेबल लॅपटॉपवर शोभतं, एसटीत उभ्यानं पाहायला ते निरुपयोगी. वार्ताहरांसाठी आम्ही लिस्ट व्ह्यू ठेवला. शीर्षक, गाव, स्थिती, बस. तोच पहिल्या क्रमांकावर, कारण फोनवर बाकीचे व्ह्यू शोधत बसायला कुणाला वेळ आहे?

लपवलं म्हणजे कुलूप लावलं नाही

साफसफाईत आणखी एक गोष्ट सापडली आणि मला घाम फुटला. माहिती देणाऱ्यांचे फोन नंबर एका रकान्यात होते. इंटर्नच्या व्ह्यूमध्ये तो रकाना लपवला होता, आणि आम्ही समजत होतो की नंबर सुरक्षित आहेत. ज्याला डेटाबेस दिसतो तो लपवलेला रकाना दोन टिचक्यांत उघडू शकतो. व्ह्यू हा पडदा आहे. नंबर आता वेगळ्या टेबलात आहेत आणि त्याची परवानगी तिघांनाच आहे. तुमच्या गटाच्या, क्लासच्या किंवा सोसायटीच्या डेटाबेसमध्ये आधार क्रमांक किंवा बँक खाती असतील, तर आज संध्याकाळीच हे तपासा.

फटीत पडलेल्या नोंदींसाठी दोन व्ह्यू मुद्दाम वाढवले. एकाचं नाव 'सगळं', त्याला एकही फिल्टर नाही, नवी नोंद वर. दुसऱ्याचं नाव 'कुणाचंच नाही'. त्यात ज्यांचा जिल्हा रिकामा आहे, ज्यांना जबाबदार माणूस नेमलेला नाही, किंवा ज्यांना दोन दिवसांत कुणी हात लावलेला नाही, अशा नोंदी येतात. सकाळच्या मीटिंगला आधी तोच उघडतो. पहिल्या दिवशी त्यात एकोणीस नोंदी होत्या. त्यातल्या चार लोकांना फोन करून माफी मागावी लागली.

राहिला जिल्ह्याचा रकाना. तो आता हाताने भरायचाच नाही. गावांचं वेगळं टेबल केलं, प्रत्येक गावापुढे तालुका, जिल्हा आणि सरकारी एलजीडी कोड. हाच कोड नव्या सातबाऱ्यावर गावाच्या नावासोबत छापलेला असतो, आणि कल्पना तिथूनच सुचली. बातमीच्या नोंदीत गाव निवडलं की रिलेशन आणि रोलअपनं जिल्हा आपोआप येतो.

आष्टीतला डीपी नवव्या दिवशी बदलला. आमची बातमी पाचव्या दिवशी लागली होती. पहिल्याच दिवशी लागली असती तर हरभऱ्याला पाणी वेळेवर मिळालं असतं का, ते काकांनी विचारलं नाही, आणि मीही विषय काढला नाही. पुढच्या वेळी त्यांनी फोटो पाठवला तो खडीच्या रस्त्याचा. सहकाऱ्यानं गावाच्या रकान्यात 'आष्टी' टाइप केलं, तर खाली पाच आष्ट्या आल्या. तो मान वर करून मला म्हणाला, "तुमची चौथी ना?"