टाळेबंदीतल्या भेंड्या

२५ मार्च २०२०. गुढीपाडवा आणि टाळेबंदीचा पहिला दिवस. आई सांगलीत एकटी, मी पुण्यात. रोज फोनवर तेच. "जेवलीस का?" "हो." संपलं बोलणं!

मग एका संध्याकाळी भेंड्या सुरू केल्या. नियम एकच, गाणं आठवलं नाही तर स्वतः रचायचं. आईने कोबीवर, गॅसच्या सिलिंडरवर, चक्क माझ्या करपलेल्या पोळ्यांवरही गाणी रचली.

बाहेर माणसं जात असताना आपण हसतोय, याची तेव्हा लाज वाटायची. आता वाटत नाही. ती बेफिकिरी नव्हती. एकट्या माणसाला उद्याची वाट पाहायला काहीतरी निमित्त लागतं. "उद्या तुझ्यावर 'ठ'!" एवढंही पुरतं.

भेंड्या अजून चालू आहेत. 'ळ' आला की भांडणही :)